फ्रेम चौसष्ट

समुद्र इथून शंभरावर किलोमीटर,
चोर्ल्याचा घाट उतरून मग पुढं.
उद्यमबागेत दुसऱ्या मजल्यावर बसून
मी जहाज बांधते.
खाली लेथ सुरू असतात, टेबल बारीक थरथरतं.
जहाज म्हणजे, त्याच्या पोटातला एक उभा पत्रा :
तळटाकी, फ्रेम चौसष्ट.

आधी प्रतल निवडायचं.
मग सॉफ्टवेअर विचारतं, हद्द कुठं?
हद्दीशिवाय पॅनेल होत नाही.
खाली तळ, वर टाकीचं छत,
डावीकडं मधला गर्डर, उजवीकडं हलचा बाक.
चारी बाजू एकमेकींना भिडल्या पाहिजेत,
केसाएवढी फट राहिली तरी लाल अक्षरांत उलटं बोलतं.
भिडल्या
की मधे करड्या रंगाचं काहीतरी उगवतं.
पाच वर्षं झाली. अजून नवल वाटतं.

मग जाडी. बारा मिलिमीटर.
आणि ती कुठल्या अंगाला?
रेषेला जाडी नसते, पत्र्याला असते,
तो रेषेच्या या अंगाला पडतो नाही तर त्या.
"मागच्या अंगाला टाक की गं," शिवलीला म्हणते,
"मी पण तिकडंच टाकलंय."
जहाज एकच, सत्तरपासून पुढचं तिच्याकडं.
ती कन्नडातून मोजते, मी मराठीतून.
एकोणसत्तर आणि सत्तरच्या मधे
आमचे पत्रे टोकाला टोक लागतात.
ती म्हणते, आयतु.
मी म्हणते, झालं.
मग कॅन्टीन.

पट्ट्या दर सातशेवर.
पट्टी जिथं तळाला टेकते तिथं कोपरा अर्धगोल कापायचा,
वेल्डची शिवण पुढं जायला, साचलं पाणी वाहायला.
त्याला आम्ही उंदीरबीळ म्हणतो.
उंदरांची सोय झाली.

रविवारी प्रिंट घरी नेली, मच्छेला.
बाबा उसाच्या ट्रॉल्या जोडतात,
भरमाण्णा वेल्डर म्हटलं की नाक्यावर कुणीही शेड दाखवेल.
चष्मा पुसून पुसून बघितलं त्यांनी.
पट्ट्यांना मान डोलावली. बिळांना तर हसलेच.
मग बोट गोल भोकावर ठेवलं :
"हे केवढं?"
चारशे, मी म्हटलं. वजन कमी करायला.
"आणि आत जोडायला कोण जाणार?"

टेप काढला, खांद्याला लावला.
साडेअठरा इंच.
नाष्ट्याच्या बश्या सरकवून
ते टेबलाखाली शिरले,
तुझ्या टाकीची उंची एवढीच ना, म्हणत,
आणि आईला म्हणाले, वाकळ टाक वरून, चारी बाजूंनी.
आईनं टाकली. तिला वाटलं, खेळ चाललाय.
आतून आवाज आला, जाडसर, लांबचा :
"हातात होल्डर आहे समज. मागं केबल.
तोंडावर काच. धूर कोंडलाय.
आता सांग बाई,
मी बाहेर कुठनं यायचं?"

वाकळ श्वासासारखी हलत होती.
मला लगेच उत्तर आलं नाही.

सोमवारी भोक बदललं.
सहाशे बाय चारशे, लंबगोल,
कडेला पट्टीची चौकट, गेलेली ताकद भरून काढायला.
यार्डाला विचारणा पाठवली, रकाना होता : बदलाचं कारण.
तिथं काय लिहायचं, बराच वेळ कळेना.
लिहिलं, वेल्डरला आत जाता यावं म्हणून.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.
उत्तर अजून यायचंय.
शिवलीलानं विचारलं नाही काही,
सत्तर, एक्काहत्तर, बहात्तर,
तिचीही भोकं दुपारपर्यंत लांबट झाली.

संध्याकाळी शेवटचं काम, मिरर.
उजवं निवडलं, मधली रेषा दाखवली,
बटण दाबलं,
आणि डाव्या अंगालाही
बाबा मावतील एवढी जागा झाली.